बिछायतवाल्यानं विकत घेतलेला वाऱ्याचा नकाशा

आमचा धंदा मंडप-बिछायतीचा. अंबाजोगाई, केज, धारूर, परळी हा आमचा पट्टा. पावसानं गाद्या भिजल्या तर उन्हात टाकता येतात, पण वाऱ्यानं लोखंडी कैची (छत तोलणारा सांगाडा) वाकवली की ती सरळ भंगारात जाते. म्हणून यंदाच्या लग्नसराईआधी मी वाऱ्याचा नकाशा दाखवणाऱ्या एका ॲपची वर्षाची वर्गणी भरली. धंद्यातले बरेच जण विचारतात, पैसे मोजण्यासारखं त्यात आहे तरी काय? हे त्यांच्यासाठी लिहितोय. ॲपचं नाव देत नाही, कारण पुढं एका जागी मी त्याला बरंच बोललोय. शिवाय बाजारातल्या असल्या बहुतेक ॲपांच्या पोटात आकडे त्याच मोजक्या हवामान केंद्रांचे असतात, वरची सजावट तेवढी वेगळी.

उघडलं की आपला भाग दिसतो आणि त्यावर पांढऱ्या बारीक रेघा सरकत असतात. रेघ जिकडं पळते तिकडं वारं चाललंय. खालचा रंग वेगाचा: निळा म्हणजे शांत, हिरवा म्हणजे झुळूक, आणि पिवळा दिसायला लागला की आमच्या पोटात गोळा येतो. नकाशावर बोट टेकवलं की त्या गावचा वेग, दिशा आणि मधूनच येणाऱ्या झटक्याचा आकडा दिसतो. खाली तारखेची पट्टी आहे, ती सरकवली की पुढच्या आठ-दहा दिवसांचं वारं डोळ्यांसमोर पळतं. बाजूला उंचीची पट्टी आहे: जमिनीपासून १० मीटर, १०० मीटर, दीड किलोमीटर, असं करत विमानं उडतात तिथपर्यंत. फुकटात तीन-तीन तासांचे आकडे मिळतात, पैसे भरले की तासातासाचे.

आधी सेटिंगमध्ये जाऊन ‘नॉट’ काढून टाका आणि ‘किलोमीटर ताशी’ घ्या. १ नॉट म्हणजे १.८५२ किलोमीटर, १५ आकडा बघून तुम्ही निवांत बसाल आणि बाहेर २८ चं वारं असेल. दिशेचा आकडा वारं जिकडून येतं त्या बाजूचा असतो. २७० म्हणजे पश्चिमेकडून. हे एकदा डोक्यात बसलं की भट्टीची जागा ठरवायला या ॲपसारखं दुसरं काही नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं दुपारचं वारं बहुतेक पश्चिमेचं किंवा वायव्येचं. भट्टी पूर्वेला गेली की धूर पंगतीत येत नाही आणि नवरीकडचे मामा आपल्यावर डोळे वटारत नाहीत. कमानीचं तोंड, जनरेटर, फ्लेक्सचा बॅकड्रॉप, सगळं यावरच बसवतो. या एका कामात ॲप क्वचितच चुकतं.

दुसरा उपयोग वेळेचा. छताचं कापड पहाटे चढवायचं, ही आमच्या वडिलांची रीत. कारण कुणी सांगितलं नव्हतं. ॲपमध्ये आपल्या गावाचा १० मीटरचा आणि १०० मीटरचा वेग मध्यरात्री शेजारी शेजारी बघा: खाली पाच-सहा किलोमीटर, वर पंचवीस-तीस. रात्री जमीन निवते, तिच्या अंगाची हवा थंड आणि जड होऊन खालीच बसते. वरचं वारं या थरावरून निसटून जातं, खाली उतरत नाही. केजच्या बाजूला पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या रात्री गरगर फिरत असतात आणि खाली कडुनिंबाचं पान हलत नाही, ते यामुळं. सकाळी ऊन वर आलं, जमीन तापली, हवा वर-खाली घुसळायला लागली की वरचं पळतं वारं जमिनीपर्यंत येतं. म्हणून दहा-अकराला झुळूक सुरू होते आणि दुपारी तीनला पडदे फडफडायला लागतात. म्हणजे कापडाचं काम सूर्य वर यायच्या आत उरकायचं, आणि खुंट्या, दोर, फर्निचर नंतर.

इथपर्यंत ॲप कामाचं यंत्र होतं. पुढं ते आमच्या गोदामातलं टीव्ही झालं. काम नसलं की पोरं नकाशा दोन बोटांनी लहान करत जातात, मराठवाडा ठिपक्याएवढा होतो आणि अख्खी पृथ्वी समोर येते. आमचे जुने कारागीर चाचा त्याकडं बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "शेठ, सूर्य तर एकच हाय. मग कुठं वारं, कुठं शांत, असं काऊन?"

मला उत्तर देता आलं नसतं, पण पोरगी बारावीला आहे. तिनं गोदामातले दिवे बंद केले आणि स्टेजचा हॅलोजन फरशीवर सरळ खाली रोखला. लहानसा, डोळे दिपवणारा गोल पडला. मग तोच दिवा तिरपा केला. उजेड लांबवर पसरला आणि फिका झाला. विषुववृत्तावर ऊन डोक्यावरून येतं, ध्रुवांकडं तिरपं. किरण जमिनीशी ३० अंशांचा कोन करून आले तर तेवढंच ऊन दुप्पट जागेत वाटलं जातं. शिवाय ध्रुवांकडचं बर्फ अंगावर पडलेलं बरंच ऊन माघारी पाठवतं. पृथ्वी स्वतःही रात्रंदिवस उष्णता बाहेर टाकत असते. दोन्हींचा ताळा केला तर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ३५-४० अंशांपर्यंत वर्षाकाठी आवक जास्त, त्याच्या पलीकडं जावक जास्त. तरीही आपण वर्षागणिक तापत जात नाही आणि सैबेरिया वर्षागणिक गारठत जात नाही, कारण मधल्या पट्ट्यातली शिल्लक हवा आणि समुद्र मिळून ध्रुवांकडं पोचवतात. नकाशावर पळणाऱ्या रेघा म्हणजे ही वाहतूक.

चाचांना ते पटलं, पण त्यांनी लगेच पुढचं विचारलं: मग रेघा सरळ खालून वर जायला पाहिजेत, त्या आडव्या काऊन पळतात?

प्रश्न जुना आहे. धूमकेतूमुळं आपल्याला माहीत असलेला एडमंड हॅली यानं १६८६ मध्ये समुद्रावरच्या व्यापारी वाऱ्यांचा नकाशा काढला होता. तापलेली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला बाजूची हवा येते, हे त्यानं बरोबर सांगितलं. पण हे वारे पूर्वेकडूनच का येतात, याचं उत्तर त्यानं सूर्य रोज पश्चिमेकडं सरकतो म्हणून, असं दिलं. ते जमलं नाही. १७३५ मध्ये लंडनच्या एका वकिलानं, जॉर्ज हॅडलीनं, पृथ्वीच्या फिरण्याकडं बोट दाखवलं. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगानं पूर्वेकडं पळते. ३० अंशांवर हाच वेग १,४५० च्या आसपास असतो. आमच्या अंबाजोगाईत तो १,५८० निघतो. पोरीनं काढून दाखवला, गोदामासकट. उत्तरेकडून विषुववृत्ताकडं निघालेली हवा कमी वेगाच्या जमिनीवरून जास्त वेगाच्या जमिनीवर येते, मागं पडते, आणि मागं पडलेली हवा खालच्या माणसाला पूर्वेकडून आलेलं वारं वाटते. हॅडलीचं गणित पुरतं बरोबर नव्हतं, दिशा मात्र बरोबर होती. नेमकं गणित फ्रान्सच्या कोरिओलिसनं १८३५ मध्ये मांडलं, तेही फिरणाऱ्या यंत्रांसाठी. अमेरिकेच्या विल्यम फेरेलनं १८५० च्या दशकात ते हवेला लावलं. उत्तर गोलार्धात वारं चालता चालता उजवीकडं वळतं, दक्षिणेत डावीकडं, एवढं ध्यानात ठेवलं तरी नकाशा वाचता येतो.

पॅसिफिक म्हणजे प्रशांत महासागरावर नकाशा नेऊन बघा. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांनी व्यापारी वारे पश्चिमेकडं वाहत येतात आणि जिथं भेटतात तिथं रेघा मंदावतात. तिथली हवा आडवी जात नाही, वर चढते, ढग होते, पाऊस टाकते. वरच्या वर ती उत्तर-दक्षिणेला पसरते आणि ३० अंशांच्या आसपास खाली बसते. खाली बसणारी हवा दाबली जाते, तापते, ढग विरघळवते. सहारा, अरबस्तान, कलहारी, ऑस्ट्रेलियाचं वाळवंट, सगळी या ओळीत आहेत. हिवाळ्या-उन्हाळ्यात आपल्यावरही याच खाली बसणाऱ्या हवेचा अंमल असतो. फेब्रुवारीत महिनाभर ढगाचा ठिपका दिसत नाही, ते त्यामुळं. त्याच्याही पुढं, दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अंशांच्या मध्ये, वर्षाच्या कुठल्याही दिवशी बघा, लाल-जांभळा पट्टा पृथ्वीला वेढा घालून पळत असतो. तिथं अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. आमची पोरं त्या समुद्रावर बोट ठेवून आकडा मोठ्यानं वाचतात आणि "इथं मंडप टाकायचा का?" म्हणून हसतात.

या भागासाठी वर्गणीची गरज नाही, हे मुद्दाम सांगतो. फुकटातल्या रूपातही हे सगळं दिसतं. घरात शाळेतलं पोर असेल तर एवढ्यासाठीच ॲप उतरवून घ्या.

आता मे महिना, म्हणजे आमच्या कमाईचा आणि काळजीचा. जमीन आणि समुद्र एकाच उन्हात बसलेले असले तरी सारखे तापत नाहीत. सारख्याच वजनाच्या पाण्याला तेवढंच तापवायला कोरड्या मातीच्या चार-पाच पट उष्णता लागते, शिवाय समुद्रात ऊन खोलवर मुरतं आणि लाटा ते ढवळतात. मे मध्ये राजस्थान आणि सिंध भट्टीसारखे नव्हे, खरोखर भट्टीच होतात. तिथं दाब पडतो, आणि नकाशावर रेघा त्या दिशेनं वळताना दिसतात. हॉलंडच्या बाईस बॅलटनं १८५७ मध्ये एक सोपा नियम सांगितला होता, तो आमच्या पोरांना फार आवडला: वाऱ्याकडं पाठ करून उभं राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला. मे मधल्या दुपारी अंबाजोगाईत पश्चिमेच्या वाऱ्याकडं पाठ केली की डावा हात उत्तरेकडं जातो, आणि कमी दाब खरंच उत्तरेकडं असतो. मोबाईल लागत नाही.

मग मृगाच्या आसपास उंचीची पट्टी दीड किलोमीटरवर नेऊन ठेवा. वर्गणी न भरताही हे दृश्य मिळतं आणि या ॲपमध्ये याच्याइतकं देखणं दुसरं काही नाही. आफ्रिकेच्या खाली, मादागास्करच्या पूर्वेला, हिवाळ्यातल्या दक्षिण समुद्रावर जास्त दाबाचा मोठा भोवरा फिरत असतो. तिथून वारं आग्नेयेकडून निघतं, केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याशी विषुववृत्त ओलांडतं, आफ्रिकेच्या डोंगरांनी अडवल्यामुळं आणि उजवीकडं वळायच्या नियमानं वाकतं, आणि अरबी समुद्रावरून सरळ आपल्या कोकणावर येतं. या सोमाली झोताला शास्त्रज्ञ फिंडलेटर यांचं नावही दिलं जातं. १९६० च्या दशकात त्यांनी त्याचा माग काढला. वरच्या थरात, चौदा-पंधरा किलोमीटरवर पट्टी नेली तर तिथं उलटंच चाललेलं असतं: दक्षिण भारतावरून पूर्वेकडून पश्चिमेकडं सुसाट वारं. हा पूर्वेचा झोत आपल्या पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिला. तिबेटचं पठार सरासरी साडेचार किलोमीटर उंच. तिथली तापलेली जमीन हवेला एवढ्या वरच उष्णता देते, आणि त्या झोताचा संबंध त्यांनी या तापण्याशी जोडला. खालून ओलं वारं आत, वरून परत बाहेर.

आणि तरीही आपल्याला पाऊस कमी. जूनमध्ये आमच्याकडं दिवसचे दिवस नुसतं आभाळ पळतं, वारं असं की दोर हातात धरवत नाही, आणि पाणी दोन थेंब. हे वारं सह्याद्री चढताना ढग होईपर्यंत दर किलोमीटरला दहा अंशांच्या हिशेबानं निवतं, मग वाफेचे ढग होतात आणि पाणी तिकडं सांडतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. घाट उतरून आलेली हवा पुन्हा तापते आणि कोरडी होते. मराठवाड्याच्या चार महिन्यांचा हिशेब साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. नकाशावर घाटाच्या पश्चिमेला आणि पूर्वेला रेघा सारख्याच जोरात पळतात, म्हणून फक्त वाऱ्याचा नकाशा बघून पेरणी ठरवू नका. त्याला पावसाचा थर वेगळा आहे, आणि खरं सांगायचं तर त्यावर माझा भरवसा वाऱ्याच्या निम्मादेखील नाही.

पाणी कुठं तापलं यावर आपलं नशीब किती टांगलेलं आहे, ते २०१५ ला कळलं. त्या वर्षी प्रशांत महासागराचं गरम पाणी नेहमीच्या जागी, म्हणजे इंडोनेशियाकडं, राहिलं नाही, पूर्वेकडं सरकलं. अल निनो तो हाच. हवा वर चढायची जागा बदलली, तिच्या बदल्यात खाली बसणारी हवा आपल्याकडं जड झाली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. आमच्या पट्ट्यात त्या उन्हाळ्यात लग्नं लागली, पण पंगती आखूड झाल्या आणि मंडपही. पेरूच्या किनाऱ्यावरचं पाणी तापलं म्हणून धारूरच्या लग्नातल्या खुर्च्या कमी झाल्या, असं त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

आता तक्रार.

मे मध्ये केजच्या पुढं एका गावात मोठं लग्न होतं. ॲप दुपारभर ताशी १४ किलोमीटर दाखवत होतं, झटका २५. रंग हिरवा. साडेचारच्या सुमारास पश्चिमेला काळं आलं, आधी पूर्ण शांत झालं, मग गार वारं, मातीचा वास, आणि पाचच मिनिटांत बॅकड्रॉप आडवा, दोन कैच्या वाकलेल्या, छताचं कापड बाभळीवर. अक्षता दुपारीच पडल्या होत्या आणि माणसं जेवून उठली होती, म्हणून कुणाला लागलं नाही. मी मोबाईल काढून बघितलं. अजूनही हिरवा रंग, अजूनही १४.

ॲपच्या मदत केंद्राला लिहिलं तर "पूर्वानुमानात फरक पडू शकतो" असं छापील उत्तर आलं. ते उत्तर मी जाहिरातीत मोठ्या अक्षरात बघितलं असतं तर बरं झालं असतं. जाहिरातीत ‘तुमच्या दारातलं वारं’ असं लिहिलंय. दारातलं नाही. जगभराच्या हवामानाचं गणित मांडणारी संगणकावरची मोठी मॉडेलं पृथ्वीची चौकटीत वाटणी करतात; एक चौकट साधारण ९ ते २५ किलोमीटरची. पुण्याच्या आयआयटीएमनं (हवामानाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था) तयार केलेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ६ किलोमीटरवर आली आहे, ही चांगली गोष्ट. पण वळवाचा ढग आडवा चार-पाच किलोमीटरचा असतो आणि तासाभरात जन्मून मरतो. तो चौकटीच्या फटीतून निसटतो.

त्या ढगाचं कारण मात्र तेच, जे अख्ख्या पृथ्वीच्या वाऱ्याचं. नांगरून पडलेलं काळं रान आणि शेजारचा हिरवा ऊस, उघडा माळ आणि तलाव, हे एकाच उन्हात वेगवेगळे तापतात. रानावरची हवा वर चढते. कोरडी असली तर नुसती वावटळ होते, पण बंगालच्या उपसागराकडून ओल आलेली असेल तर ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. मग त्यातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत अर्ध्या वाटेवरच सुकतो. सुकताना हवा गार होते, गार झाली की जड होते, आणि तो जड लोंढा जमिनीवर आदळून चारी बाजूंना पसरतो. पावसाआधी येणारं गार वारं हेच. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना असले ढग काय करतात हे सांगायला नको. विषुववृत्त ते ध्रुव एवढी मोठी उलाढाल ॲप आठवडा आधी बरोबर सांगतं, आणि एका रानातली उलाढाल पाच मिनिटं आधीसुद्धा नाही.

वाऱ्याच्या वेगापेक्षा त्याचा दाब आमच्या जास्त कामाचा, आणि तो आकडा या ॲपमध्ये नाही. इंजिनीअर लोक वापरतात ते सूत्र पोरीनं शोधून दिलं: सेकंदाला मीटरमधला वेग, त्याचा वर्ग, गुणिले ०.६, उत्तर चौरस मीटरला न्यूटन (साधारण दहा न्यूटन म्हणजे एक किलोचा रेटा). किलोमीटरला ३.६ नं भागलं की मीटर होतात. १५ फूट लांब आणि १० फूट उंच पडदा धरला तर ताशी २० च्या वाऱ्यात त्यावर सुमारे २६ किलोचा रेटा येतो. ४० ला १०५ किलो. ६० ला जवळजवळ २४० किलो. वेग तिप्पट, रेटा नऊपट. हे आकडे मी खडूनं गोदामाच्या दारावर लिहून ठेवलेत. आता एखादा गिऱ्हाईक म्हणाला की "काय होतंय, दोन दोर कमी टाका", तर मी त्याला दाराजवळ नेतो.

ॲपमध्ये झटक्याचा आकडा ४० च्या वर दिसला की पश्चिमेचे पडदे लावायचेच नाहीत, फ्लेक्सला जागोजागी चिरा द्यायच्या आणि छत मधून मोकळं ठेवायचं. मे मध्ये ॲप हिरवं असलं तरी दुपारी तीननंतर एक माणूस फक्त पश्चिमेकडं बघायला. आणि सोबत आयआयटीएमचं ‘दामिनी’ ठेवा. ते वीज पडण्याचा इशारा देतं, फुकट आहे, आणि आसपास वीज दिसायला लागली म्हणजे ते गार वारं लांब नाही. मंडपाच्या कामाला माझ्या मते ‘दामिनी’ आणि पश्चिमेकडं बघणारा माणूस ही जोडी वर्गणीवाल्या ॲपच्या वरचढ आहे.

बाकी किरकोळ. साध्या मोबाईलवर रेघांचं चलचित्र बॅटरी खातं आणि फोन तापतो. रेघा बंद करून नुसता रंग ठेवायची सोय आहे, ती वापरा. धारूरच्या घाटात रेंज गेली की नकाशा गोठतो, पण नकाशा जुना झालाय असं कुठं दाखवत नाही, त्यामुळं जुने आकडे नवे समजण्याचा धोका आहे. हे त्यांनी सुधारायला पाहिजे. मराठी भाषा निवडता येते पण निम्मी बटणं इंग्रजीतच राहतात. चक्रीवादळाच्या वेळी मात्र ॲप कामाला येतं: निसर्ग वादळ ३ जून २०२० ला अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं होतं, तेव्हा फुकटातलं रूपच होतं आमच्याकडं, तरी वादळाचा फिरता गोळा किनाऱ्याकडं येताना चार दिवस आधीपासून दिसत होता.

ज्यांचं काम चार-सहा दिवस आधी ठरतं, म्हणजे फवारणी, डोम, मोठे मंडप, त्यांनी घ्यावं. ज्यांचं काम एका दुपारचं आहे त्यांना फुकटातलं पुष्कळ. माझी स्वतःची अडचण हप्त्याची आहे. ॲप वर्षाचे पैसे एकदम घेतं, आणि मला ते मार्च ते जून एवढंच लागतं. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो खरा, पण डिसेंबर-जानेवारीत वारं भिण्यासारखं नसतंच. चार महिन्यांचा हप्ता काढा म्हणून त्यांना लिहिलंय. काढला तर पुन्हा घेईन, नाही तर फुकटात पृथ्वी बघत बसू. चाचांची त्याला हरकत नाही.